दिल्लीहून एका दिवसात ग्वाल्हेर : आईला चांदीची आगगाडी बघायचीय, जमेल का?

ऋता_नाशिक

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मावसभावाच्या लग्नासाठी आईला घेऊन दिल्लीला चाललेय. शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न, आणि आम्ही पोचतोय मंगळवारी. मधला गुरुवार आख्खा मोकळा आहे. जो तो म्हणतोय आग्र्याला जा. पण आईचा ताजमहाल १९७९ मध्येच बघून झालाय, पुरावा म्हणून बाबांचा बेलबॉटममधला फोटो आहे. तिला ग्वाल्हेर बघायचंय.

कारण ऐका. तिसरीत असताना मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं, की शिंदे सरकारांच्या जेवणाच्या टेबलावर रूळ टाकलेत आणि त्यावरून चांदीची आगगाडी फिरत पाहुण्यांना वाढते. आई आता ७१ वर्षांची आहे. ती गाडी अजून तिच्या डोक्यातून उतरलेली नाही.

अडचणी दोन. गुडघे : एका दमात तीसेक पायऱ्या चढते, मग पाच मिनिटं बसते. आणि गुरुवारचा उपवास, तो प्रवासातही मोडत नाही. मुक्काम करता येणार नाही. सकाळी रेल्वेने जाऊन रात्री परत, एवढंच. किल्लाही होईल का, की नुसता शिंद्यांचा जयविलास महाल धरावा? कुणी असं केलंय का?

बोगी_नंबर_७

आरामात होतं. सकाळी ६ ची भोपाळ शताब्दी पकडा, नवी दिल्ली स्टेशनवरून. साडेनऊच्या सुमारास ग्वाल्हेर. संध्याकाळी सातच्या आसपास तीच गाडी भोपाळहून परत येते, अकरा-सव्वाअकरापर्यंत दिल्ली. 'गतिमान एक्स्प्रेस'चा मोह टाळा. ताशी १६० ऐकायला छान वाटतं, पण तो वेग आग्र्यापर्यंतच. शिवाय ती निजामुद्दीनहून आठनंतर सुटते आणि परतीला चारच्या सुमारास ग्वाल्हेर सोडते, म्हणजे हातात पाच तास. वेळा बदलतात, तिकीट काढताना बघून घ्या. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने या मार्गाचे हाल असतात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निवळतं.

जाता जाता : देशातली पहिली शताब्दी ती हीच. १९८८ मध्ये सुरू झाली, नेहरूंच्या जन्मशताब्दीवरून नाव पडलं. तेव्हा रेल्वेमंत्री होते माधवराव शिंदे. तुमच्या आईंना सांगा, शिंद्यांच्याच गाडीतून शिंद्यांची गाडी बघायला चाललात.

सुट्टीचा_अर्ज

आठ तास डब्यात बसून नऊ तास गाव बघायचं, तेही लग्नाच्या आदल्या धावपळीत? मी असतो तर आईंना दिल्लीतच चांगला मसाला डोसा खाऊ घातला असता. असो, ज्याची त्याची हौस.

लष्करची_काकू

ऋता, त्या अर्जवाल्यांकडे लक्ष देऊ नकोस. मी ग्वाल्हेरची. जन्म लष्करमधला, पणजोबा साताऱ्याकडून शिंद्यांच्या चाकरीत आले आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या मराठीत हिंदी मिसळतं, सांभाळून घ्या. इकडे 'वाडा' नाही म्हणत, 'बाडा' म्हणतात. गावाच्या मधला चौक तो महाराज बाडा, आणि पत्ता विचारशील तर 'निंबालकर की गोठ', 'पाटनकर बाजार', 'शिंदे की छावनी' अशी उत्तरं येतील. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास इथे लष्कराचा तळ टाकला. तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं. म्हणून लष्कर.

आता तुझा दिवस. गाडीत जाताना उजवीकडची खिडकी मिळव. धौलपूर सोडलं की चंबळ येते, दोन्ही बाजूंना मातीचे उभे चिरलेले बीहड. पुलावर आईंना झोपू देऊ नकोस. मग मुरैना, आणि ग्वाल्हेरच्या अलीकडे उजव्या हाताला किल्ला दिसायला लागतो. मानमंदिर पूर्वेच्या कड्यावर आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. संध्याकाळी परत जाताना अंधारच असेल, तेव्हा जे काय ते सकाळीच.

म्हणून क्रम असा : आधी किल्ला, मग महाल. लोक उलटं करतात, स्टेशनवरून महाल जवळ म्हणून तिकडे शिरतात आणि दुपारी दगडाच्या तव्यावर चढतात. स्टेशनवरून दिवसभराची गाडी करून घे, रिक्षा नको. उर्वाई दरवाजाच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत जाते. वाटेत कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या, काही तर चार-पाच मजली घराएवढ्या उंच. त्या गाडीतूनही दिसतात. मात्र एकदा उतरा.

मानमंदिर म्हणजे मानसिंह तोमरचा राजवाडा, १४८६ ते १५१६ हा त्याचा काळ. जयविलास बघणारे सगळे झुंबरांच्या गोष्टी सांगतात, माझा जीव मात्र या पिवळ्या बदकांवर. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशांची बदकं ओळीने चाललीयत, हत्ती आहेत, केळीची झाडं आहेत. पाचशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन निळा रंग तसाच. आत दोन उघडे चौक आहेत, तिथे थोड्याच पायऱ्या. खाली तळघरात जायचा जिना अरुंद आणि काळोखा आहे, तिथे आईंना अजिबात नेऊ नकोस. मोगलांनी त्याच तळघरांचा कैदखाना केला. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यात ठेवलं आणि १६६१ मध्ये मारवलं. गाइड ते सांगताना आवाज खोल करतात. वर बसूनही ऐकता येतं.

मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून एक माझं खास ठिकाण. चतुर्भुज मंदिर. एकाच दगडात कोरलेलं चिमुकलं देऊळ, आत इसवी सन ८७६ चा शिलालेख. फुलांच्या बागेसाठी दिलेली जमीन, २७० हात लांब, आणि देवाला रोज ५० माळा. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज लिहितो तसंच, फक्त अंगाने लहान. मी दरवर्षी सहावीचा वर्ग तिथे नेत असे. पोरं म्हणायची, मॅडम, एवढ्यासाठी एवढं चालवलंत? पण ते गाडीच्या रस्त्यावर नाही, गूजरी महालाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर आहे. आईंना मानमंदिराशी सावलीत बसवून तू एकटी जाऊन ये. कधी कुलूप असतं, राखणदाराला शोधावं लागतं. गूजरी महाल खाली आहे, मानसिंहाने मृगनयनीसाठी बांधलेला, आता संग्रहालय. वेळ असेल तर बघ, नाहीतर सोड. सासबहूचं देऊळ वरच आहे, ते सोडू नकोस.

दुपारी जयविलास. आठवड्यातून एक दिवस बंद असतो, तिकीट काढायच्या आधी खात्री कर. १८७४ मध्ये जयाजीरावांनी बांधला, इंग्लंडचा युवराज भेटीला येणार होता म्हणून. बांधणारे मायकेल फिलोज. तीन मजले, प्रत्येकाची ढब वेगळी, सगळ्या युरोपातून उचललेल्या. चारशेच्या आसपास खोल्या आहेत, थोड्याच आपल्याला उघड्या, बाकी कुटुंब राहतं. काचेच्या कठड्याचा जिना चढून दरबार हॉल. तिथे ती दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं. छत वजन पेलेल की नाही बघायला हत्ती वर चढवले होते म्हणतात. कोणी आठ सांगतं, कोणी दहा. यावर मी परीक्षेत गणित घालत असे : झुंबरं दोन मिळून ७ टन, हत्ती ४ टनांचा धरा, आठ हत्ती म्हणजे ३२ टन, तर छताची परीक्षा किती पट कडक झाली? एका मुलाने उत्तराखाली लिहिलं होतं, 'हत्ती एकदम चढवले की एक एक करून, हे प्रश्नात दिलेले नाही.' त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

आणि तुझी गाडी. जेवणाच्या मोठ्या टेबलावर रूळ आहेत, गाडी चांदीची, डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर, मिळून 'सिंदिया'. आईंना आधीच सांगून ठेव, ती आपल्यासाठी फिरत नाही, नुसती उभी असते. आणि जेवण वाढायला नव्हतीच. जेवण झाल्यावर ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून जायची. कोणी बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे.

पण ऐक न, ही गाडी नुसता श्रीमंती खेळ म्हणून बघू नका. जयाजीरावांचे चिरंजीव, पहिले माधवराव, यांना रेल्वेचं वेडच होतं. टेबलावरची गाडी पाहुण्यांसाठी, तर रयतेसाठी दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे. ग्वाल्हेरहून श्योपूरला, दोनशेला थोडे कमी किलोमीटर. माझे वडील सबलगढला मास्तर होते, सुट्टी लागली की आम्ही तिच्यातून लष्करला यायचो. इंजिनाचे कोळशाचे कण डोळ्यांत जायचे. आई पदराचं टोक ओलं करून एकेकाचे डोळे पुसत बसायची, चौघं भावंडं, चौथ्याचं होईपर्यंत पहिल्याचं परत सुरू. टपावर माणसं, सायकली, दुधाच्या बरण्या. २०२० मध्ये टाळेबंदीत बंद पडली ती पडलीच. आता तिथे मोठ्या रुळांचं काम चाललंय, थोडा भाग सुरूही झालाय. बोगीवाल्यांनी शताब्दीचं सांगितलं ते माधवराव या माधवरावांचे नातू. आजोबांची गाडी टेबलावर, नातवाची दिल्लीपर्यंत. आमच्या वाटची मधली मात्र गेली.

२०२२ मध्ये महालात मराठा गॅलरीही सुरू झालीय. पाय दुखत असतील तर ती शेवटी ठेव.

उपवासाचं : शताब्दीत उपवासाचं मिळेल या भरवशावर राहू नकोस, फळं आणि दाण्याचे लाडू बरोबर घे. तू मात्र सकाळी बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, खाऊन घे.

तलवारबाज

गोड गोड चाललंय सगळं. १८५८ मध्ये झाशीची राणी दारात आली तेव्हा सरकार कुठे होते, हेही सांगा की काकू. तिकिटाचे पैसे महालाला देण्यापेक्षा समाधीवर फुलं वाहा.

लष्करची_काकू

सांगते न. आग्र्याला इंग्रजांकडे गेले होते. फौज राणी आणि तात्या टोप्यांना मिळाली, किल्लाही मिळाला, आणि त्याच जून महिन्यात राणी इथे लढताना गेली. समाधी फूलबागेत आहे, महालाच्या वाटेवरच. आणि त्या जूननंतर सोळा वर्षांनी हा महाल उभा राहिला. लष्करमधल्या माणसाला हे कुणी शिकवायला लागत नाही, भावा. आमच्या घरात देवघराशेजारी राणीचं चित्र होतं आणि बैठकीत सरकारांचं, कारण आजोबांचा पगार तिथून यायचा. आजी दर जूनमध्ये राणीच्या चित्राला हार घालायची. आजोबा त्या दिवशी बैठकीतून आत येत नसत. ४० वर्षं संसार केला दोघांनी. ऋता, दोन्ही बघ.

बेतवाकाठी

महालच बघायचे तर दतिया! ग्वाल्हेर ते झाशीच्या मधे. वीरसिंह देवाचा सात मजली महाल, सतराव्या शतकातला, ना झुंबर ना चांदी, आणि वर गेलात की तुम्ही आणि पोपट. ओरछ्याचा जहांगीर महालही त्याच राजाचा. पण सगळा जिन्यांचा कारभार आहे, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांसाठी या खेपेला नाही. तुम्ही एकट्या या.

बोगी_नंबर_७

काकू, लाइट रेल्वेच्या टपावर कधी बसलात का?

लष्करची_काकू

एकदा. मला टपावर बघून वडिलांनी सबलगढला गाडी सुटू दिली नाही. स्टेशनमास्तर त्यांचा विद्यार्थी होता.

ऋता_नाशिक

मंडळी, जाऊन आलो! उशिरा लिहितेय, लग्नघरात मोबाइल चार्जिंगला जागा नव्हती.

गाडी ५० मिनिटं उशिरा पोचली, धुकं नाही म्हणणाऱ्या बोगीवाल्यांना आईने आठवण काढून दोन शब्द ऐकवले. चंबळेवर मात्र तिने मलाच हलवून जागं केलं. किल्ला उजवीकडेच दिसला, काकू म्हणाल्या तसा, भिंतीवर ऊन आणि घुमट्या चमकतायत. आईने काचेला नाक लावलं.

स्टेशनवर केलेल्या गाडीवाल्याने किल्ल्याआधी 'बस पाँच मिनट' म्हणत एका साडीच्या दुकानापुढे गाडी उभी केली. आई उतरलीच नाही. म्हणाली, "भैया, मेरे को साडी नाशिक में मिलती है, किल्ला नहीं मिलता." तो इतका हसला की नंतर दिवसभर तिला 'माताजी, सँभल के' करत हात धरून चालवत होता.

मानमंदिराच्या बदकांपुढे आई बराच वेळ उभी. म्हणे, राजवाड्याला वाघ-सिंह लावतात, बदकं कोण लावतं, घरात लहान मूल असणार. मग चौकात बसली आणि मला म्हणाली, जा तुझं शून्य बघून ये. गेले. कुलूप. राखणदार जेवायला गेलेला, वीस मिनिटं थांबले, आला नाही. जाळीतून काळोखात बघितलं, कोरलेलं काहीतरी दिसलं, पण शून्य होतं की दगडाचा खळगा, काकू, मी शपथेवर सांगू शकत नाही. परत चढताना माझेच गुडघे बोलले. गूजरी महाल सोडला. सासबहू बघितलं, आईला नाव फार आवडलं, फोटो काढून आत्याला पाठवला. त्याचे परिणाम घरी अजून सुरू आहेत.

समाधीवर झेंडूचा हार घातला. तलवारबाज, तुमच्या वाटचा पण घातला.

महालात जिन्यावर दोनदा बसलो. झुंबरांखाली आईने वर बघितलं आणि हत्ती कुठल्या जिन्याने नेले असं तिथल्या माणसाला विचारलं. त्याने उतार बांधला होता वगैरे सांगितलं. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आणि मग गाडी. मी तिला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, फिरत नाही, वाढत नाही. तरी टेबलाजवळ पोचल्यावर ती एकदम गप्प झाली. डबे मोजले. एकेक अक्षर बोटाने हवेत वाचलं. मग म्हणाली, "मास्तरांनी वरणभात सांगितला होता. एका डब्यात वरण, एकात भात, आणि शेवटच्या डब्यात लिंबाची फोड." मी म्हटलं, ब्रँडी आणि सिगार होतं गं. म्हणाली, "तिसरीच्या पोरांना ब्रँडी कशी सांगतील? पण लिंबाची फोड त्यांनी मनाची घातली, हे चांगलं केलं." मागे शाळेची सहल खोळंबली होती, तरी अजून एकदा पहिल्या डब्यापासून बघून मगच हलली.

आता इथे जे सांगायचं राहिलंय ते. काकूंना मी निरोपात आमचा दिवस कळवला होता. संध्याकाळी साडेसहाला त्या फलाटावर आल्या, हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा, वर दाण्याचं कूट वेगळ्या पुडीत, आणि गजकाचं, म्हणजे तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचं, खोकं. दोघी पंधरा मिनिटं अशा बोलत होत्या की मला कुणी विचारलं नाही. आईने त्यांना शून्याचं विचारलं आणि काकूंनी फलाटाच्या बाकड्यावर बोटाने २७० काढून दाखवलं. शताब्दी वेळेवर आली, तीच काय ती दिवसात वेळेवर. खिचडी आग्र्याच्या आत संपली.

काकू, गडबडीत तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय. पत्ता कळवा, पाठवते. गजक त्यातच भरून ठेवलंय सध्या.

लष्करची_काकू

डबा राहू दे. पण गजक काढ त्यातून, आधी काढ. झाकण दुसऱ्या डब्याचं आहे, घट्ट बसत नाही, सांगायचं राहिलं. नाशिकच्या हवेत दोन दिवसांत सादळेल.